तुझा धरून चोवीस

विमल, तुझ्या जलदान विधीच्या दिवशी समाजमंदिरात माझ्या हातात माईक दिला, आणि मी काय बोलले ठाऊक आहे? "माझ्या पक्षाच्या वतीने भावपूर्ण श्रद्धांजली वाहते." एवढंच बोलले आणि खाली बसले. नगरसेविका झाल्यापासून प्रत्येक मांडवात हेच वाक्य बोलत आले, जिभेला वळण पडलं. समोर तुझी लेक स्नेहल बसली होती, तिने मान वर करून पाहिलं. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. तू असतीस तर सोंग केलं नसतंस. मोठ्याने हसून म्हणाली असतीस, "काहून वं कुंदा, मेल्यावर मलेबी पक्षात घेतलं का?"

तेव्हापासून हे वाक्य तुझ्याच आवाजात कानात वाजतंय. घरी आले, साडी न बदलता बसून राहिले. मुलाने विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. तुला दोन शब्द द्यायचे होते आणि दुसऱ्याच्या वतीने दिले, हे मी त्याला काय सांगणार? म्हणून आज लिहायला बसले. आपल्या दोघींत लिहायचं काम तुझं होतं, मी फक्त सह्या करायची.

आपली ओळखच सहीवरून झाली. एकाच उन्हाळ्यात दोघी या गावात सून म्हणून आलो. तू बौद्ध मोहल्ल्यात, मी कास्तकाराच्या घरी. हिंगण्याच्या पुढचं एवढंसं गाव, पण पाच-सहा वर्षं आपण एकमेकींना नुसतं पाहत होतो. मग एकदा हापशीवर ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन आला. ग्रामसभेच्या हजेरीवर बायांच्या सह्या कमी पडत होत्या. मी नुकतीच अंगणवाडीत लागले होते, ऐटीत पेन घेतला आणि सही ठोकली. तुझ्यापुढे रजिस्टर धरलं तर तू विचारलंस, "सभा कवा झाली?"

"झाली समजा ना बाई."

"मंग सहीबी झाली समजा," म्हणालीस, आणि घागर उचलून चालती झालीस.

मी तिथेच ओली सही घेऊन उभी. राग आला होता तुझा. संध्याकाळी तुझ्या घरी आले ते भांडायला, आणि चहा पिऊन परतले. त्यानंतर पुढची सगळी वर्षं आपण हेच करत आलो.

तू वाचल्याशिवाय दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा मानायची नाहीस. एमआयडीसीत पॅकिंगच्या खात्यात आठ तास उभं राहून यायचीस, कंपनीच्या बसमधून उतरलीस की पाय सुजलेले असायचे, आणि तरी ग्रामसभा असली की चप्पल न काढता थेट तिकडे. तू एकदा सदस्य म्हणून उभी राहिलीस तेव्हा कढई चिन्ह मिळालं होतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून कुणाला कढई, कुणाला छत्री, कुणाला पतंग. आपण बाया खऱ्या कढया घेऊन निघालो, झाऱ्याने वाजवत. माझी सासू म्हणाली, "घरातली कढई घेऊन कोनाच्या प्रचारात चालली?" मी म्हटलं, "कढईच्याच." तू निवडून आलीस आणि त्या कढईत आपण सगळ्या गल्लीसाठी आलुभात केला. तो खाली लागला होता. तू म्हणालीस, सत्ता हातात आली की असंच होते, लक्ष द्या लागते. इतकं हसलो होतो आपण.

मग गावात लेआऊट पडले, शेतांवर प्लॉटांचे दगड रोवले गेले, बाहेरून कामाला आलेली माणसं भाड्याने राहू लागली, आणि एक दिवस आपली नगरपंचायत झाल्याचं जाहीर झालं. चौकात फटाके फुटले. सगळ्यांना वाटलं आता रस्ते, आता नाल्या, आता दिवे. तू ग्रामसेवकाला एकच विचारलंस.

"मंग भाऊ, ग्रामसभा?"

"नगरपंचायतीत ग्रामसभा नसते बाई. नगरसेवक बसतात, ते ठरवतात."

"अन् आमी?"

"तुम्ही मत देता ना पाच वर्षांनी."

आपण घराकडे निघालो. दारात पोचल्यावर म्हणालीस, "कुंदा, आपलं बोलनं बंद करून राहिले वं हे."

तिथून तुझ्या डोक्यात ते दोन किडे शिरले. एक, नगरपंचायतीत पक्षांची चिन्हं येतात, तर ती आपण आपणहून नाकारायची. सगळ्या वॉर्डांत माणसं अपक्ष उभी राहतील आणि गाव त्यांना माणूस बघून निवडेल. दोन, प्रत्येक वॉर्डात महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा. नगरसेवकाने सतरंजीवर येऊन बसायचं, ऐकायचं, आणि हात मोजून जे ठरेल ते वर जाऊन मांडायचं. कायद्यात नसलं तरी कायद्याने अडवलेलंही नाही, असं तुझं म्हणणं.

यावर मी तुझ्याशी किती भांडले. अजूनही मला वाटतं की माझं सगळंच चूक नव्हतं. मी म्हणायची, ग्रामपंचायतीत कुठे होता पक्ष? पण पॅनल होतंच ना. पक्ष नसला की सोयरेधायरे येतात, ज्याचं घर मोठं त्याचा वॉर्ड. पक्षात निदान एखाद्या लहान घरच्या माणसाला पाठबळ मिळतं. तू पोळी लाटता लाटता ऐकायचीस. मग लाटणं ठेवून म्हणायचीस, "बरोबर बोलून राहिली तू. म्हनून तं दोनी एकसंग पाह्यजे. पक्ष काढला अन् सभा नाई देल्ली, तं तुह्या पॅनलवाल्या दिराचंच राज्य राहीन. सभा देल्ली अन् पक्ष ठेवला, तं सभेत झेंडेच येतीन." मी म्हणायची, तू म्हणजे पुस्तकातली गोष्ट सांगतेस. तू म्हणायचीस, माझ्याकडे कुठलं पुस्तक, दोन पोळ्या खा. हा वाद आपला संपलाच नाही. आता मला एकटीला दोन्ही बाजूंनी भांडावं लागतं, आणि तुझी बाजू मला तुझ्यासारखी मांडता येत नाही.

शेवटची ग्रामसभा आठवते? समाजमंदिरासमोरच्या मैदानात. तू उभी राहून ठराव मांडलास, पहिल्या निवडणुकीत कुणीही पक्षाचं चिन्ह घेणार नाही आणि वॉर्डसभा दर महिन्याला होईल. सगळे 'हो हो' म्हणाले. ग्रामसेवक सवयीने 'सर्वानुमते मंजूर' लिहायला वाकला, आणि तू त्याला अडवलंस.

"थांबा भाऊ. सर्वानुमते नका लिहू. ते तुमी घरी बसूनबी लिहिता. हात पाहा, अन् जसं झालं तसं लिहा."

हात वर झाले. पोटात मूल असलेल्या बाईपासून काठी टेकणाऱ्या किसनभाऊंपर्यंत सगळ्यांचे. माझाही होता. ग्रामसेवक चिडला होता, त्याने रागारागाने लिहिलं, 'ठरावाच्या बाजूने सर्वांनी हात वर केले.' तू ते दोनदा वाचलंस आणि समाधानाने सही केलीस.

महिन्याभरात पक्षांच्या गाड्या गावात फिरू लागल्या आणि एकेक जण तिकीट घेऊ लागला. तेव्हा पानठेल्यावर तेच वाक्य लोकांनी करमणुकीला घेतलं. "लिवलंच आहे ना बाप्पा, साऱ्यायनं हात वर केले!" तुला पाहून मुद्दाम मोठ्याने म्हणायचे. एवढी काळजीने वाचणारी तू, पण त्या तीन शब्दांत हा दुसरा अर्थ दडलाय हे तुला दिसलं नाही. कारण तुझ्या लेखी हात वर करण्याचा एकच अर्थ होता.

आता जे सांगायचं ते सांगते.

आपला वॉर्ड बायांसाठी राखीव झाला. सगळ्यांना वाटलं तू उभी राहशील. तू माझं नाव पुढे केलंस. म्हणालीस, "मी उभी राहिली तं आमचा मोहल्ला अन् तुमचा मोहल्ला असं होईन. तू राह्य उभी, सूचक मी होते. मंग कोनाले काई धरता येनार नाई." अर्जात तू आपल्या हाताने 'अपक्ष' लिहिलंस, ओळ न् ओळ वाचलीस, आणि सूचक म्हणून सही केलीस.

मग शेवटच्या दिवशी सकाळी मी दुसरा अर्ज घेऊन तुझ्याकडे आले. म्हटलं, एखादा बाद झाला तर दुसरा असावा म्हणून सगळेच दोन भरतात. तू कामावर निघाली होतीस, बस चौकात हॉर्न देत होती. तू कागद घेतलास आणि खाली सही केलीस. मी म्हटलं, वाच तरी. तू पदराला हात पुसत म्हणालीस, "तुहा कागद काय वाचू वं?" आणि बसकडे पळालीस.

त्या अर्जात 'अपक्ष' लिहिलेलं नव्हतं. दुपारी तीनच्या आत त्याला पक्षाचा एबी फॉर्म जोडला गेला, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवार म्हणून दिलेला कागद, आणि पक्षाची उमेदवार म्हणून माझा अर्ज तुझ्या सहीवर उभा राहिला.

मी गावभर सांगितलं की मुलाने परस्पर केलं, मला कागदातलं काय कळतं. तुलाही तेच सांगितलं. विमल, मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी पक्षाची माणसं घरी आली होती, खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारून आणल्या होत्या. अपक्ष म्हणून पडशील, आमच्याकडून नक्की येशील, म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला 'ताई, आपण' म्हणत होतं. मला हवं होतं ते. तुझ्या दारात उभी राहून 'वाच तरी' म्हटलं, ते तू वाचावंस म्हणून म्हटलं की तू वाचणार नाहीस हे ठाऊक होतं म्हणून म्हटलं, हे मी मलाच किती वेळा विचारलं. उत्तर मला आवडत नाही.

उमेदवारांची यादी भिंतीवर लागली त्या दिवशी तू संध्याकाळी माझ्याकडे आलीस. मी तयारीत होते, तू ओरडशील, मी रडेन, मग चहा होईल. तू पायरीवर बसलीस. चहा प्यायलीस. कप विसळून पालथा घातलास आणि म्हणालीस, "मीनं वाचाले पाह्यजे होतं."

बस. दोष स्वतःकडे घेतलास आणि गेलीस. त्याहून मला दोन थपडा मारल्या असत्यास तर बरं झालं असतं. नंतर तू माझ्या घराची पायरी चढली नाहीस. रस्त्यात भेटलीस की माझ्या गुडघ्याची चौकशी मात्र करायचीस, तेल लावते की नाही म्हणून.

मी निवडून आले. तू मला मत दिलंस का, हे विचारायची हिंमत झाली नाही. आता विचारता येणार नाही.

नगरपंचायतीच्या पहिल्या सभेला तू आलीस, आठवतं? तीच इमारत, बोर्ड नवा. तू मागे बसली होतीस आणि नालीचा विषय निघताच सवयीने उभी राहिलीस. "आमच्या मोहल्ल्यात पानी उलटं येऊन राहिलं साहेब," एवढं बोललीस. मुख्याधिकारी म्हणाले, "प्रेक्षकांना बोलता येणार नाही, बसा." तू माझ्याकडे पाहिलंस. मी समोरच्या विषयपत्रिकेकडे पाहिलं. तू बसलीस.

मात्र वॉर्डसभा तू सोडली नाहीस. पहिल्या रविवारी चार वाजता मैदानात तुझी ती निळी सतरंजी अंथरलेली असायची. कधी पाच माणसं, कधी पंधरा. मी मागच्या गल्लीने जायची. सोमवारी सकाळी माझ्या दारात वहीच्या कागदाची घडी खोचलेली असायची, काय ठरलं आणि किती हात. पहिली मी वाचली: 'विषय नाली. हात अकरा.' नंतरच्या वाचल्या नाहीत. टेबलाच्या खणात टाकत गेले. वाचल्या की काहीतरी करावं लागलं असतं.

जलदान विधीवरून आले त्या दिवशी तो खण उघडला. सगळ्या घड्या क्रमाने उलगडल्या. विषय दिवा, हात सात. विषय दवाखान्यातल्या बाई येत नाहीत, हात चौदा. एकीतही तक्रार नाही, टोमणा नाही, माझं नावसुद्धा नाही. तू जशी माझ्या अंगणवाडीत पोरांची उंची मांडायला मदत करायचीस, तसंच नीट अक्षर. शेवटची तू दवाखान्यात भरती होण्याच्या आधीच्या सोमवारची. त्यात लिहिलं होतं:

'विषय, मैदानावर दुकानाचे संकुल बांधू नये. सभा घ्यायला गावात दुसरी जागा नाही. हात तेवीस. तुझा धरून चोवीस.'

न झालेल्या सभेची सही न करणारी बाई तू. वर न झालेला हात तू कधी मोजला नाहीस. आयुष्यात तुझा नियम तू दोनदा मोडलास, एकदा न वाचता सही केलीस आणि एकदा न पाहता हात मोजलास, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी. पहिल्या वेळी मी तुला फसवलं होतं. ते तू ओळखलंच असशील, तरी दुसऱ्यांदा मोडलास. माफ केलं होतंस का गं मला? की अजून माझी वाट पाहत होतीस? एवढं तरी लिहायचं होतंस.

गेल्या रविवारी चार वाजता मी मैदानात गेले. स्नेहल सतरंजी घेऊन आलीच होती, तिने दुसरं टोक माझ्या हातात दिलं. दहाएक माणसं जमली. तू बसायचीस ती जागा सगळ्यांनी आपोआप मोकळी ठेवली. किसनभाऊ काठी आडवी ठेवून म्हणाले, "बाई, पक्षाच्या वतीनं आल्या का सोताच्या?" मी म्हटलं, "विमलच्या, भाऊ." ते म्हणाले, "तिची वत तिच्यासंग गेली. तुमची सांगा." मी तुझी शेवटची चिठ्ठी वाचून दाखवली. 'तुझा धरून चोवीस' एवढं वाचून कागद स्नेहलकडे दिला, पुढचं तिने वाचलं. पुढचं म्हणजे फक्त तुझी सही.

काल नगरपंचायतीची सभा होती. मैदानावरच्या संकुलाचा विषय. पक्षाने व्हिप काढला होता, सगळ्यांनी बाजूने मत द्यायचं, विरोधात गेला त्याचं पद जाऊ शकतं. मुलगा सकाळी म्हणाला, "आई, नुसती गैरहजर राह्य. तब्येत बरी नाई म्हन." चांगला सल्ला होता. मी गेले. मागे प्रेक्षकांत तुझी खुर्ची रिकामी होती, तुझी म्हणजे दाराजवळची, पंख्याखालची. बाजूने कोण, असं नगराध्यक्षांनी विचारलं. माझा सोडून सगळे हात वर. विरोधात कोण? सभागृहात कुणी मान वर करेना. मी हात वर केला. गुडघा दुखत होता तरी उभी राहिले, म्हणजे नीट दिसावा.

ठराव मंजूर झाला, विमल. मैदान बहुतेक जाणार. माझं पदही जाईल, तशी नोटीस येईल असं मुलगा म्हणतोय. पुढच्या महिन्यात सतरंजी कुठे टाकायची ते आम्हाला बघावं लागेल, तुझ्या अंगणात मावतील का तेवढी माणसं ते स्नेहल मोजून सांगणार आहे.

सभा संपल्यावर मी लिपिकाजवळ गेले. त्याने 'बहुमताने मंजूर' लिहून वही मिटायला घेतली होती. म्हटलं, "थांबा भाऊ. जसं झालं तसं लिहा." त्याने माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, 'श्रीमती कुंदाबाई यांनी विरोधात हात वर केला.' मी ती दोनदा वाचली. मग सही केली.

आता तुझी बेरीज बरोबर आहे.